पुढचं पुस्तक कोणतं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वाचणारा माणूस भेटला की मी त्याला दोन प्रश्न विचारतो. सध्या काय वाचताय, आणि ते संपल्यावर काय वाचणार? पहिल्याचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं. त्यात थोडी सजावटही असते. उशाशी रहस्यकथा असते आणि तोंडावर नाव येतं एखाद्या जाडजूड वैचारिक ग्रंथाचं. यात हसण्यासारखं काही नाही, आपण सगळेच हे करतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र भलेभले अडखळतात. 'बघू, हाताला लागेल ते' असं म्हणून विषय बदलतात.

मला आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. वाचून झालेल्या पुस्तकांवरून माणूस कुठून आला एवढंच कळतं. तो निघालाय कुठे, हे त्याने मागितलेल्या, अजून न मिळालेल्या पुस्तकावरून कळतं.

आता अडचण अशी, की वाचलेल्या पुस्तकाची खूण राहते. वाचनालयाच्या नोंदवहीत राहते, समासातल्या रेघांत राहते. पुढच्या पुस्तकाची खूण कुठे राहणार? ते मनातच असतं आणि बऱ्याचदा मनातच विरून जातं. चार्ल्स डार्विनसारखा एखादाच निघतो, ज्याने १८३८ ते १८६० अशी सलग वर्षं वह्या ठेवल्या आणि त्यांत 'वाचलेली' आणि 'वाचायची' अशा वेगवेगळ्या याद्या केल्या. एरवी ही नोंद कोणी ठेवत नाही.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे ती ठेवावीच लागते. ती म्हणजे तुरुंग. तुम्ही आम्ही कपाटापाशी जातो आणि पुस्तक उचलतो. कैद्याला ते मागावं लागतं. नाव, लेखक, शक्य तर आवृत्ती, सगळं पत्रात लिहावं लागतं. ते पत्र अधिकारी वाचतात, मग ते बाहेर पडतं, आणि ज्याला मिळतं तो ते जपून ठेवतो. त्यामुळे आपल्या देशातल्या मोठ्या वाचकांना पुढे काय वाचायचं होतं, याची उत्तम साधनं तुरुंगातून आलेली आहेत. साम्राज्याने आपल्या वाङ्मयेतिहासाची केलेली ही सेवा, अर्थात नकळत.

लोकमान्य टिळकांचं उदाहरण घेऊ. १९०८ च्या सप्टेंबरात त्यांना मंडालेला नेलं. पुण्याहून पुस्तकं मागवता येत होती, पण मध्येच हुकूम आला की एका वेळी चारच पुस्तकं जवळ ठेवायची. ज्याला गीतेचा अर्थ लावायचा आहे, आधीच्या भाष्यकारांशी वाद घालायचा आहे आणि पश्चिमेकडच्या नीतिशास्त्राशी ताडून पाहायचं आहे, त्याला चार पुस्तकं म्हणजे चार भांड्यांत लग्नाचा स्वयंपाक. टिळकांनी ब्रह्मदेश सरकारकडे अर्ज केला आणि लागतील ती पुस्तकं ठेवण्याची परवानगी मिळवली. सुटकेच्या वेळी ती संख्या साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान गेली होती. लिहायला सुटे कागद नाहीत, बांधीव वह्या, त्यांची पानं मोजून वर आकडे घातलेले. शाई नाही, शिसपेन्सिल. हे सगळं त्यांनी स्वतःच 'गीतारहस्या'च्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. आपण ती प्रस्तावना ओलांडून सरळ पहिल्या प्रकरणावर जातो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या प्रकरणावरच थांबतो.

ही पुस्तकं मंडालेला पोचवण्याचं काम मुख्यतः त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्याकडे होतं. भाच्याला लिहिलेल्या पत्रांत कुटुंबाची चौकशी आहे, खटल्याची आणि व्यवहाराची बोलणी आहेत आणि पुस्तकांच्या मागण्या आहेत. त्याच काळात टिळक जर्मन आणि फ्रेंच शिकत होते. ते पन्नाशी ओलांडलेले होते, मधुमेहाचा त्रास होता, शिक्षा सहा वर्षांची. अशा स्थितीत माणूस नवं व्याकरण कशाला घेऊन बसेल? पुढचं पुस्तक त्या भाषेत आहे म्हणून. भाषांतर येईपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १९१०-११ च्या हिवाळ्यात ग्रंथाचा खर्डा झाला, १९१५ साली तो छापून आला. तो आज उघडला तर कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन ही मंडळी जैमिनी आणि शंकराचार्यांच्या शेजारी बसलेली दिसतात. टिळकांचे निष्कर्ष पटोत न पटोत, एका पुस्तकाने दुसऱ्याची मागणी कशी करावी याचा इतका स्वच्छ पुरावा मराठीत दुसरा मला माहीत नाही.

दुसरं पत्र लाहोरच्या तुरुंगातलं. जुलै १९३० मध्ये भगतसिंगांनी जयदेव गुप्ता या मित्राला लिहिलं. लाहोरच्या द्वारकादास ग्रंथालयातून माझ्या नावावर पुस्तकं काढ आणि धाकट्या भावाबरोबर पाठव, असा निरोप आणि खाली यादी. यादीत लीब्क्नेख्त यांचं लष्करशाहीवरचं पुस्तक, बर्ट्रांड रसेल यांचं युद्धाविषयीचं, क्रोपोटकिन यांची परस्परसाहाय्यावरचं आणि शेती-कारखान्यांवरचं अशी दोन, मार्क्सचं फ्रान्समधल्या यादवीवरचं, आणि सगळ्यांच्या जोडीला अप्टन सिंक्लेअर यांची एक कादंबरी. बुखारिन यांचं पुस्तक दुसऱ्या, पंजाब पब्लिक ग्रंथालयातून मिळेल, असंही सुचवलेलं. म्हणजे कुठलं पुस्तक गावातल्या कुठल्या कपाटात आहे हे तुरुंगात बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला ठाऊक आहे.

मला त्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर यादीनंतरचा वाटतो. बोर्स्टल तुरुंगातल्या साथीदारांना पुस्तकं पोचली का, याची ग्रंथपालाकडे चौकशी करायला त्यांनी सांगितलं आहे. त्यांच्याकडे पुस्तकांचा दुष्काळ पडला आहे, त्यांनीही यादी पाठवली होती, एकही पुस्तक आलेलं नाही, अशी ती तक्रार आहे. फाशीची शिक्षा समोर दिसत असताना हा माणूस दुसऱ्यांच्या याद्यांचा पाठपुरावा करतोय. मार्च १९३१ मध्ये त्यांना फाशी झाली. शेवटच्या घटकेला ते काय वाचत होते याच्या कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्या जुलैच्या यादीची कथा कोणी सांगत नाही, कारण तिच्यात नाट्य नाही. मला मात्र ती अधिक मोलाची वाटते.

येरवड्याचं थोडक्यात सांगतो. १९२२ ते १९२४ या काळात गांधीजींनी तिथे दीडशेच्या आसपास पुस्तकं वाचली आणि त्यांची दैनंदिनीत नोंद केली. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहासही त्यात आहे. शिवाय उर्दूचा अभ्यास होताच.

तर श्रोतेहो, वाचायला तुरुंगातच जावं असा याचा अर्थ नाही. वेळ मिळत नाही म्हणून कुरकुरणारे काही लोक इथे मान डोलावत आहेत, त्यांनी तो अर्थ काढू नये. मला यातून एवढंच घ्यायचं आहे, की पुढचं पुस्तक लिहून मागावं लागलं की माणूस नेमकं मागतो.

मोकळ्या जगात राहून ही शिस्त पाळणारा माणूस मराठीत अलीकडेच होऊन गेला, सतीश काळसेकर. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे त्यांचं पुस्तक, २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कवितेला नाही, कादंबरीला नाही, वाचण्याच्या नोंदींना! त्या नोंदींत एक पुस्तक दुसऱ्याचा पत्ता सांगतं, दुसरं एखाद्या छोट्या नियतकालिकाचा, आणि नियतकालिक एखाद्या विसरलेल्या माणसाचा. निरंजन घाटे यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' हेही त्याच घराण्यातलं. माणूस खरंच सुटलेला आहे, पण बारकाईने पाहिलं तर त्याच्या सुटण्याला वाट आहे.

वाट कशी असते? आपल्या गावातलंच बघा. वाचनालयात 'मृत्युंजय' नेहमी बाहेर असतं. नववी-दहावीतला मुलगा ते नेतो, रात्री जागून वाचतो, कर्णासाठी रडतो. ठीक आहे, त्या वयात रडावंच. परत करताना तो विचारतो, असंच आणखी काय आहे? आपण त्याला आणखी एक तशीच कादंबरी देतो आणि मग आणखी एक. 'मृत्युंजय' १९६७ चं. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. ते त्या मुलाच्या हातात ठेवून पाहा. ज्या कर्णासाठी तो रडला, त्या कर्णाची इरावतीबाई कोरड्या डोळ्यांनी झडती घेतात. मुलगा चिडेल. चिडला की काम झालं. मग तो विचारील, यांना हे कुठून कळलं? त्याचं उत्तर पुण्यात भांडारकर संस्थेत आहे. १९१९ ला हाती घेऊन १९६६ ला पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून सिद्ध केलेली. इरावतीबाई तिच्याच आधाराने लिहितात. मधल्या वाटेवर दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' आहे, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं भैरप्पांचं 'पर्व' आहे. सगळी पुस्तकं तो वाचेलच असं नाही. पण पुढचं नाव आता तो स्वतः सांगेल.

वर्षाच्या शेवटी 'ही शंभर पुस्तकं वाचाच' अशा याद्या फिरतात. वर्षात बावन्न पुस्तकं वाचून दाखवण्याच्या पैजाही लागतात. दुकानदाराला त्यांचा उपयोग आहे, वाचकाला नाही. अशी यादी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही कालच्या पुस्तकावर चिडला होता की रडला होता, हे तिला कसं कळणार? पैजेपायी तर माणूस पातळ पुस्तकं शोधू लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ऐकण्याच्या पुस्तकांना मात्र मी नावं ठेवणार नाही. लोकलमध्ये उभ्याने दीड तास जाणाऱ्या माणसाने कानाने कादंबरी ऐकली तर ती वाचलीच.

आता एक गोष्ट घरची सांगतो. मी एका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर आहे. नव्या खरेदीची बैठक असते तेव्हा समोर प्रकाशकांच्या याद्या असतात, सवलतीचे टक्के असतात. सभासदांच्या सूचनांची वहीही असते आणि ती बहुधा कोरी असते. ज्या दोन-चार नोंदी सापडतात, त्या पंख्याच्या आवाजाविषयी आणि वर्तमानपत्रं पळवणाऱ्यांविषयी. मग आम्ही पाचसहा जण आमच्या आवडीने पुस्तकं घेतो, आणि वर्षभर तुम्ही म्हणता की वाचनालयात हवं ते मिळत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात १९६७ पासून आहे, अनुदान कमी पडतं हेही खरं आहे, त्यासाठी भांडायलाच हवं. पण भांडताना हातात वाचकांची मागणी लागते, आणि ती लेखी लागते.

म्हणून विनंती एवढीच. उद्या वाचनालयात जाल तेव्हा ती वही मागून घ्या. सध्या जे वाचताय त्यातून जे पुढचं पुस्तक सुचलं असेल त्याचं नाव, लेखक आणि प्रकाशक नीट अक्षरात लिहा. खाली सभासद क्रमांक घालायला विसरू नका, आणि महिन्याने येऊन पुस्तक आलं का ते विचारा.