वाढते गाव आणि जुनी वाडी



शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे जयगडचा किल्ला उभा आहे. विजापूरच्या अमदानीत तो बांधला गेला असे मानतात. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे आला, मग आंग्र्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. या किल्ल्याची एक आख्यायिका आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तटाचे काम काही केल्या टिकेना, तेव्हा जयबा नावाच्या एका साध्या माणसाने आपला बळी देऊ केला, आणि त्याच्या नावावरून किल्ल्याला जयगड म्हणू लागले. यातले खरे किती आणि कल्पित किती, ते इतिहासकारांनी ठरवावे. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. किल्ला बांधण्याचा हुकूम कोणी दिला, ते गावात फारसे कोणाला सांगता येत नाही. जयबाचे नाव मात्र घरोघरी ठाऊक आहे. ते सरकारी दप्तराने राखले नाही, गावाने राखले.

आज मला बोलायचे आहे ते याच राखण्याविषयी. गाव वाढते आहे, वाढलेही पाहिजे. पण वाढताना आपण काय ठेवायचे आणि काय मोडायचे, हे कोण ठरवणार?

जयगडला हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. १९३२ साली येथे दीपगृह झाले, त्यानंतर कित्येक वर्षे गावाचा चेहरा फारसा बदलला नव्हता. २००९ साली नवे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले. पाठोपाठ १२०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र उभे राहिले. आता रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग योजलेला असून त्यात जयगडच्या खाडीवरचा पूलही आहे. म्हणजे तवसाळला जाण्यासाठी आज जिथे फेरीबोटीची वाट पाहावी लागते, तिथे उद्या मोटारी भरधाव जातील. एवढे सगळे आले की मागोमाग माणसे येतात, त्यांना राहायला खोल्या लागतात, जमिनीचा भाव चढतो, आणि पडवीच्या घराच्या जागी तीन मजली इमारत दिसू लागते. यात गैर काही नाही. मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढलेल्या चाकरमान्याच्या नातवाला गावातच काम मिळाले, तर त्याहून चांगले ते काय?

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की जुन्या गोष्टी सांभाळणारे जे कायदे आपल्याकडे आहेत, ते मोठ्या गोष्टींसाठी आहेत. प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ सालचा, आपल्या राज्याचा १९६० सालचा. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही, अशी दुरुस्ती २०१० साली झाली. किनाऱ्यासाठी १९९१ साली अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ साली तिच्या जागी नव्या आल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत आपल्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग आहे. हे सगळे उत्तमच झाले.

पण किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीचे काय? चिऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंचे गडगे, घरापुढचे खळे, चार घरांची मिळून एक विहीर, पिंपळाचा पार, आणि शिमग्यात देवीची पालखी जिथे विसावते ती सहाण. यांतली एकेक वस्तू घेतली तर तिला स्मारक कोण म्हणणार? एक गडगा पाडला तर कोणाचे बिघडले? पण दहा वर्षांत दहा जणांनी एकेक गोष्ट काढली, की अकराव्या वर्षी वाडी राहत नाही, नुसती घरे राहतात.

कोणी म्हणेल, ही केवळ जुन्याची माया झाली. तसे नाही. आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो. एवढे पाणी उतारावरून खाली कसे न्यायचे, याचा हिशेब त्या वाडीत आहे. गडगा सांध्याला चुना न भरता रचतात, म्हणून तो माती धरतो आणि पाण्याला वाट देतो. पाखाडीच्या कडेने पाणी उतरते आणि पऱ्याला मिळते. घराचे जोते किती उंच हवे, हे वाडवडिलांनी पऱ्याकडे बघून ठरवलेले असते. त्या जागी काँक्रीटची सलग भिंत आली, किंवा रस्ता भराव घालून जोत्याच्या वर उचलला, तर पहिल्याच आषाढात पाणी कोणाच्या ओटीवर येईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि पालखीचे म्हणाल, तर ती घरोघर जायची वाट बुजली की केवळ वाट बुजत नाही. त्या टोकाचे घर देवीच्या फेरीतून सुटते, आणि मग हळूहळू मानपानातून आणि बोलण्याचालण्यातूनही सुटते.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या घरात राहणारा म्हणतो, "गुरुजी, तुम्हाला कौले छान दिसतात. वानरे ती फोडतात, तेव्हा माळ्यावर मी चढतो. वाशांना वाळवी लागली आहे, कौले परतणारा माणूस मिळत नाही, आणि घराला सतरा हिस्सेदार आहेत. मी स्लॅब टाकू नको तर काय करू?" त्याचे म्हणणे खरे आहे. न्हाणीघर, संडास, पक्के छप्पर, आजाऱ्याला दारापर्यंत गाडी, हे त्याला मिळालेच पाहिजे. सगळ्या गावाची शोभा राखायची आणि खर्च मात्र एकट्याने सोसायचा, हा न्याय नव्हे.

ही चूक कशी अंगाशी येते, ते मुंबईत दिसते. गिरगावात खोताची वाडी आहे. नावावरूनच समजेल की तिचे आपल्या खोतांशी नाते आहे. लाकडी जिने, पडव्या, अरुंद गल्ल्या, असे ते शहराच्या पोटातले एक गावच. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम केले. अशा नियमांत ते देशातले पहिले शहर. वास्तूंच्या तीन श्रेण्या ठरल्या. पहिल्या श्रेणीला सहसा हात लावायचा नाही, दुसरीत बेताचे बदल, तिसरीत थोडी अधिक मोकळीक. शिवाय एकेकट्या इमारतीखेरीज संबंध आळीचाही विचार झाला. ज्या मालकाचा बांधण्याचा हक्क या नियमामुळे बुडतो, त्याला तो हक्क दुसरीकडे विकता यावा, अशी तरतूदही झाली. कल्पना चांगली होती. तरी खोताच्या वाडीत एके काळी साठाहून अधिक असलेली जुनी घरे आज निम्म्याहून कमी उरली आहेत. कारण नियम कागदावर असला, तरी छपराची डागडुजी ज्याची त्यालाच करावी लागते, आणि शेजारी उंच इमारत उठली की विकण्याचा मोह आणि दडपण दोन्ही वाढतात.

यावरून दोन धडे घ्यावेत. पहिला, नुसत्या मनाईने काही टिकत नाही. दुसरा, यादी उशिरा केली तर राखायला थोडेच उरते.

याच गोष्टी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्या देशात येऊन सांगितल्या होत्या. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस, हा स्कॉटलंडचा. तो १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्या काळी शहर सुधारायचे म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढायची आणि रेघेत येईल ते पाडायचे, अशी रीत होती. गेडिस आधी गल्लीतून पायी हिंडे. विहीर कुठे, झाड कुठे, देऊळ कुठे, कोणते घर खरोखर पडायला आले आहे, हे तो पाही. मग पडकी दोन घरे काढून तिथे मोकळी जागा करी, वळणावरचा एखादा कोपरा छाटी, आणि बाकीची वस्ती जागच्या जागी ठेवी. वैद्य जसा आधी नाडी बघतो आणि मग औषध देतो, तसे हे. खर्च कमी, घरे शाबूत, आणि हवा खेळती. पुढे इंग्लंडनेही १९६७ साली कायदा करून एकेका इमारतीऐवजी संबंध वस्ती राखण्याची सोय केली. आपल्या शेजारी पणजीला फोंतेन्हास ही जुनी वस्ती आहे, तिथेही हाच विचार दिसतो. तिथल्या जुन्या घरांत आज पाहुणे उतरतात आणि घरमालकाला चार पैसे मिळतात.

मग आपण गावात काय करायचे? कायद्यात वाट आहे. १९६६ सालच्या आपल्या राज्याच्या नगररचना कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, आराखड्यात ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुदृष्ट्या मोलाच्या जागा जपण्याचा विचार व्हावा. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना मागवतात. पण होते काय, की मसुदा तालुक्याच्या कचेरीत लागतो, मुदत निघून जाते, आणि गावाला रस्त्याच्या खुणेचे दगड पडल्यावर कळते. २०२४ साली शासनाने कोकणपट्टीतल्या शेकडो गावांसाठी सिडको आणि रस्ते विकास महामंडळ यांची विशेष नियोजन प्राधिकरणे म्हणून नेमणूक केली होती. तेव्हा नकाशा काढणारा हात गावाबाहेरचा असू शकतो, हे धरून चालावे. त्या हाताला तुमची सहाण दिसणार नाही. ती नकाशावर असेल तरच दिसेल.

म्हणून यादी आपणच करायची, आणि आराखडा येण्याआधी करायची. हे काम शाळेइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन एक दिवाळीची सुट्टी या कामी लावा. भूमी अभिलेख कचेरीतून गावाचा नकाशा मिळवा. मुलांनी वाडीवाडीतून हिंडावे, पाखाड्या, विहिरी, पार, सहाण, पऱ्ये, मोठी झाडे, शंभर वर्षांची घरे नकाशावर टिपावीत आणि प्रत्येकाची माहिती म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावी. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही तासांचा हा अभ्यास आहे.

मग गावाने बसून या यादीचे तीन भाग पाडावेत. पहिल्या भागात ज्यांना हात लावायचाच नाही त्या सामाईक गोष्टी: पालखीची वाट, सहाण, विहीर, पाणी वाहून जाण्याच्या जागा. दुसऱ्या भागात अशी घरे, की आतून मालकाने हवी तशी सुधारावीत, पण पडवी आणि उतरते छप्पर बाहेरून राखावे. तिसऱ्या भागात बाकी सगळे: नवे बांधा, उंचही बांधा, पण गल्लीची रेघ सोडू नका आणि शेजाऱ्याचे पाणी अडवू नका. ही यादी ग्रामसभेत वाचून तिचा ठराव करावा. ठराव म्हणजे कायदा नव्हे, तो नियोजन करणाऱ्यावर बंधनकारक नाही, हे मी लपवत नाही. पण मुदतीत सूचना म्हणून दिलेला, नकाशा जोडलेला ठराव बाजूला सारणे आणि तोंडी तक्रार बाजूला सारणे यांत पुष्कळ अंतर आहे.

आणखी एक सावधगिरी. २०२० साली स्वामित्व योजना आली आणि गावठाणाची मोजणी ड्रोनने होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. योजना उपयोगी आहे, कर्ज काढायला कागद मिळतो. पण मोजणीच्या वेळी सामाईक पाखाडी किंवा विहिरीकडची वाट कोणाच्या अंगणाच्या मापात गेली नाही ना, हे गावाने त्याच दिवशी उभे राहून पाहिले पाहिजे. मागाहून भांडण्यात पिढ्या जातात.

आणि ज्याच्याकडून आपण काही राखण्याची अपेक्षा करतो, त्याला काही दिलेही पाहिजे. गावाने श्रमदानाने त्याची कौले परतावीत. निवास-न्याहारी योजना आहे, तिचा अर्ज भरायला त्याला मदत करावी. गणपतीपुळ्याला येणारा पाहुणा जयगडलाही येतो, आणि शेणाने सारवलेल्या खळ्यात बसून आंबोळी खायला त्याला आवडते. जुने घर राखणे कसे साधते, ते पाहायचे असेल तर वाटेवरच्या मालगुंडला थांबा. केशवसुतांचे जन्मघर तिथे राखले आहे आणि १९९४ साली त्यांचे स्मारक झाले. ते घर मोठ्या कवीचे, म्हणून त्यासाठी माणसे पुढे आली. आपल्या वाडीतल्या घरात कोणी मोठा कवी जन्मला नसेल. पण तिथे आपण जन्मलो, एवढे कारण आपल्याला पुरेसे वाटले पाहिजे.

बंदर वाढेल, पूल होईल, मोटारी येतील. त्यांना यायला वाट द्यावी. फक्त नकाशा पुढे येईल तेव्हा गावाचा स्वतःचा नकाशा तयार असावा, एवढेच माझे सांगणे आहे. या ग्रामसभेत नाही जमले, तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या.