स्वस्तिक, गरुड आणि डाखाऊचे द्वार

(व्याख्यानाचा संपादित वृत्तान्त)



दिवाळीच्या रांगोळीत, वहीपूजनाच्या पहिल्या पानावर आणि घराच्या उंबरठ्यावर रेखले जाणारे स्वस्तिक हिंदू मनाला मांगल्याचे चिन्ह म्हणून परिचित आहे. तेच चिन्ह अमेरिकेच्या सैन्यातील एक पायदळ डिव्हिजन सुमारे पंधरा वर्षे आपल्या खांद्यावर अभिमानाने मिरवीत होती, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ती डिव्हिजन म्हणजे ४५वी पायदळ डिव्हिजन. चिन्हाचे पावित्र्य कशात असते, हा प्रश्न तिच्या इतिहासाने मोठ्या तीव्रतेने उभा केला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ओक्लाहोमा, कोलोराडो, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोना या चार राज्यांच्या नॅशनल गार्डमधून ही डिव्हिजन उभी राहिली. नॅशनल गार्डचा सैनिक हा पूर्णवेळ सैनिक नव्हे. आपली शेती, दुकान, नोकरी सांभाळून नियमाने कवायतीस येणारा आणि राष्ट्राने हाक देताच गणवेश चढविणारा तो सामान्य नागरिक. १९२४ साली या डिव्हिजनचे मानचिन्ह ठरले : कोनावर उभा असलेला लाल चौकोन आणि त्यावर पिवळे स्वस्तिक. चौकोनाच्या चार बाजू चार राज्यांच्या. लाल-पिवळा रंग त्या प्रदेशाच्या स्पॅनिश वारशाचा. आणि स्वस्तिक तेथील मूळ रहिवाशांचे. नावाहो आदी जमातींच्या विणकामात व टोपल्यांवर ही आकृती पूर्वापार शुभ म्हणून येत होती.

पुढे जर्मनीत नाझी सत्तेवर आले. १९३५ साली न्यूरेंबर्गच्या अधिवेशनात त्यांनी आपला पक्षध्वज हाच राष्ट्रध्वज ठरविला. आपल्या चिन्हाला ते ‘हाकेनक्रॉइझ’, म्हणजे आकड्याचा क्रूस म्हणत. जगाने मात्र ते नाव बाजूला ठेवून ‘स्वस्तिक’ हा संस्कृत शब्दच त्याला चिकटविला. १९३९ साली ४५व्या डिव्हिजनने आपले स्वस्तिक उतरविले. कायोवा जमातीचा चित्रकार वुडी बिग बो याने रेखलेला ‘थंडरबर्ड’, म्हणजे मेघगर्जना घेऊन येणारा, जणू त्या लोकांचा गरुडच, लाल चौकोनावर विराजमान झाला. फेब्रुवारी १९४० मध्ये अ‍ॅरिझोनातील काही जमातींनीही विधिपूर्वक आपल्या कलाकृतींतून स्वस्तिकाचा त्याग केला. अपराध दुसऱ्याचा, आणि प्रायश्चित्त घेतले निरपराधांनी!

१९४०च्या सप्टेंबरात डिव्हिजन राष्ट्रसेवेत रुजू झाली. १० जुलै १९४३ रोजी ती सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरली. त्यानंतर सालेर्नो, अँझिओ, ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्स, व्होजेसचे डोंगर आणि अखेर जर्मनी. लढाईचे तब्बल ५११ दिवस तिच्या नावावर नोंदले गेले आहेत. क्रीक जमातीचे अर्नेस्ट चिल्डर्स यांनी पायाचे हाड मोडले असताना सरपटत जाऊन शत्रूची मशीनगन ठाणी निकामी केली. चेरोकी जमातीचे जॅक मॉन्टगोमेरी आणि चॉक्टॉ वंशाचे व्हॅन बारफूट यांनीही इटलीत अतुल पराक्रम गाजविला. तिघांनाही ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च सन्मान लाभला. याच इटलीच्या रणभूमीवर मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, याचे स्मरण येथे उचित ठरेल. आणि एक विसंगतीही ध्यानात घ्यावी. त्या काळी अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोतील मूळ रहिवाशांना मतदानाचा अधिकार नव्हता. तो १९४८ साली न्यायालयांच्या निर्णयाने मिळाला. ज्या भूमीने पूर्ण नागरिकत्व नाकारले, तिच्यासाठी त्यांनी रक्त सांडले.

इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर काळी पानेही उलगडावी लागतात. सिसिलीत उतरल्यावर चारच दिवसांनी, १४ जुलै १९४३ रोजी, बिस्कारी येथे याच डिव्हिजनच्या सैनिकांनी ७३ निःशस्त्र युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या. सार्जंट होरेस वेस्ट याला जन्मठेप झाली, पण सुमारे वर्षभरात तो सुटला. कॅप्टन जॉन कॉम्प्टन निर्दोष ठरला. चिन्ह बदलले होते. मनुष्याच्या अंतरातील पशू मात्र कोणतेही चिन्ह आपोआप आवरीत नाही.

एप्रिल १९४५ मध्ये डिव्हिजन न्यूरेंबर्ग जिंकण्याच्या लढाईत उतरली. ज्या नगरीत स्वस्तिकाचे अपहरण कायद्याने पक्के झाले, तिच्याच रस्त्यांवर स्वस्तिक उतरवून ठेवलेले हे सैनिक विजयी होऊन चालले. २९ एप्रिलला त्यांच्या तुकड्या डाखाऊच्या छळछावणीपाशी पोहोचल्या. बाहेर रुळांवर सुमारे चाळीस डब्यांची गाडी उभी होती आणि तिच्यात दोन हजारांहून अधिक मृतदेह होते. आत तीस हजारांहून अधिक अस्थिपंजर जिवंत माणसे होती. ते दृश्य पाहून काही सैनिकांचा संयम सुटला. शरण आलेल्या पहारेकऱ्यांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा लेफ्टनंट कर्नल फेलिक्स स्पार्क्स यांनी पिस्तूल हवेत झाडून तो गोळीबार थांबविला. अँझिओच्या लढाईत ज्यांची कंपनी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली होती, असा हा अधिकारी. सूडाचे कारण त्यांच्यापाशी इतरांहून कमी नव्हते. त्या क्षणी त्यांनी जे केले, तेच शिस्तीचे खरे स्वरूप होय.

१९५० साली कोरियाच्या युद्धासाठी डिव्हिजनला पुन्हा बोलावणे आले. तेथे प्रत्यक्ष लढलेल्या नॅशनल गार्डच्या दोनच डिव्हिजनांपैकी ती एक. १९५२ साली ‘ओल्ड बाल्डी’ टेकडीसाठी तिने झुंज दिली. १९६८ साली डिव्हिजन विसर्जित झाली. थंडरबर्डचा वारसा ४५व्या ब्रिगेडकडे राहिला.

यातून हिंदू समाजाने काय घ्यावे? २००७ साली जर्मनीने युरोपीय संघात नाझी चिन्हांवर बंदीचा विषय पुढे आणला, तेव्हा ब्रिटनमधील हिंदूंनी स्वस्तिकाच्या बाजूने आवाज उठविला, आणि तो योग्यच होता. सहस्रावधी वर्षांचे मांगल्य बारा वर्षांच्या राजवटीला आंदण देता येत नाही. परंतु डाखाऊतून वाचलेल्या ज्यूच्या डोळ्यांत ते चिन्ह पाहताच जी भीती दाटते, तीही खोटी नाही. तिची चेष्टा करून स्वस्तिकाचा मान वाढणार नाही. ती समजून घेऊन, विनयाने आणि अभ्यासाने आपली परंपरा सांगावी लागेल.

स्वस्तिक म्हणजे ‘सु अस्ति’, चांगले असो. हे ‘चांगले’ केवळ स्वकीयांपुरते मर्यादित झाले की चिन्ह राहते आणि अर्थ निघून जातो. उंबरठ्यावरील स्वस्तिकाचे रक्षण त्या घरातील माणसांच्या वर्तनानेच होत असते.