बालाघाट : डोंगराचा इतिहास आणि पाण्याचे ऋण



लातूरहून बीडकडे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत उघडेबोडके, पिवळ्या कुसळांनी भरलेले डोंगरमाथे दिसतात. सह्याद्रीची गर्द झाडी तेथे नाही. म्हणून या डोंगराकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. परंतु मराठवाड्याचे जनजीवन याच बालाघाटाने घडविले आहे.

हरिश्चंद्रगडापाशी सह्याद्रीतून फुटलेली ही रांग आग्नेयेस अहिल्यानगर, बीड, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांतून जाते. तिचे पूर्वेकडील फाटे नांदेड जिल्ह्यात कंधार-मुखेडपर्यंत पोहोचतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून पुनःपुन्हा उसळलेल्या लाव्हारसाचे थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. नद्यांनी ते कोरले आणि मध्ये उरला तो हा डोंगर. पश्चिमेकडून येणारे मेघ सह्याद्रीवरच रिते होतात. त्यामुळे आष्टी-पाटोदा भागात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर नांदेडकडे तो ९०० च्या आसपास जातो. येथे राजस्थानची वाळू नाही, तथापि वैशाखात या माथ्यांवर मरुभूमीचीच आठवण व्हावी.

अशा भूमीतही सृष्टीने आपला संसार मांडला आहे. खैर, बाभूळ, बोर, धावडा, पळस आणि तरवड थोड्या पाण्यावर तग धरतात. माळावर काळवीट व लांडगा आढळतो. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य घोषित झाले. मूळचे अमेरिका खंडातील सीताफळ या खडकाळ उतारांवर असे रुजले की, बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

या शुष्क डोंगराचे खरे दान मात्र नद्यांचे आहे. सिंदफणा उत्तरेस गोदावरीकडे जाते. दक्षिण उताराचे पाणी सीनेवाटे भीमेत उतरते. पाटोदा तालुक्यात उगम पावलेली मांजरा सुमारे ७२४ किलोमीटर वाहते. तेरणा तिला मिळते. कर्नाटक व तेलंगणातून वळसा घेऊन ती पुन्हा नांदेडच्या सीमेवर येते आणि कंदकुर्तीपाशी गोदावरीत विलीन होते. माहेरचा निरोप घेतलेली लेक पुन्हा अंगणाशी यावी, तसा हा प्रवास आहे.

या नद्यांच्या आधाराने माणूस येथे स्थिरावला. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. येथील जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराकडे जात असे, असा उल्लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात आहे. कंधार येथे राष्ट्रकूटांच्या काळात तलाव बांधला गेला, त्यास ‘जगत्तुंग समुद्र’ हे नाव मिळाले. थोड्या पाण्याच्या प्रदेशात तलावाला समुद्र म्हटले जाते, यातच पाण्याविषयीचा आदर व्यक्त होतो. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखनापूर्वक देह ठेवला, तो याच डोंगराच्या कुशीत.

धाराशिवच्या लेण्यांची कथा तर आज विशेष चिंतनीय आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ती येते. लेण्यात पार्श्वनाथ भगवंतांचे दर्शन घेताना राजा करकंडाला सिंहासनावर दगडाची एक गाठ दिसली. वृद्ध शिल्पकाराने सांगितले की, येथे पाण्याची शीर लागली होती, ती बंद करण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाला राहवले नाही. त्याने गाठ फोडविली, जलप्रवाह उसळला, लेणे पाण्याने भरले आणि राजाला पश्चात्ताप झाला. जाणत्याचा शब्द डावलून पाषाणाच्या उदरातील ठेव मोकळी केली, तर पुढे खेद करण्याचीच वेळ येते, हा त्या कथेचा बोध घेता येतो.

गेल्या काही दशकांत बालाघाटाच्या परिसरात अशा असंख्य गाठी फोडल्या गेल्या. आड आणि बारव मुरमाच्या व भेगाळ खडकाच्या थरातील पाणी देत. ते पाणी दर पावसाळ्यात भरून येई. बोअर शेकडो फूट खाली कातळाच्या भेगांतील पाणी उपसते. तेथे मुरणारे पाणी अत्यल्प असते. उतारावरची झाडे गेली, माती वाहून गेली, आणि खाली पट्ट्यात ऊस वाढला. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर पूर्वजांनी व्याजावर निर्वाह केला. पुढच्या पिढ्यांनी मुद्दलास हात घातला. त्याचा ताळेबंद २०१६ साली समोर आला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून १० वाघिणींची रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात आली. ज्या डोंगराने नद्या दिल्या, त्याच्या पायथ्याच्या नगराला रुळांवरून पाणी आणावे लागले.

जैन घरांतून पाणी दुहेरी वस्त्राने गाळण्याची रीत आहे. गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव फेकून द्यायचे नसतात; ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते अलगद सोडायचे असतात. या जीवाणीच्या आचारात अहिंसा तर आहेच. शिवाय घेतलेल्या स्थानाशी नाते तोडू नये, ही जाणीवही आहे. बोअरच्या नळीत मात्र काही परत सोडता येत नाही. तो आचार जेथे खंडित झाला, तेथेच पाण्याचे ऋणही विसरले गेले.

हे ऋण फेडण्याचा मार्ग कठीण नाही. मंदिर, धर्मशाळा, दुकान व घर यांच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी गाळून पुन्हा जमिनीत मुरविता येते. उतारावर समतल चर खोदणे, जुन्या बारवांतील गाळ काढणे आणि धावडा-खैरासारखी येथलीच झाडे लावणे, ही कामे गावोगाव होऊ शकतात. डोंगराकडून घेतलेले पाणी डोंगराच्या उदरात परत घालणे, ही आजच्या काळाची जीवाणी होय. बालाघाटाने कोट्यवधी वर्षे थोडक्यातून पुष्कळ दिले. त्याला थोडे परत मिळावे, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र !