त्सो मोरीरीच्या काठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सहल समितीने येत्या जूनमध्ये लडाखचा बेत आखला आहे, आणि त्या प्रदेशात आम्ही एकदा जाऊन आलो आहोत एवढ्याच पात्रतेवर हे व्याख्यान आमच्याकडे आले आहे. आम्ही पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. पदवी कलाशाखेची, आणि गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत लेखापरीक्षणाचे, म्हणजे इतरांच्या चुका शोधून त्या कागदावर उतरविण्याचे काम करीत आहोत. आज थोडा उलटा प्रकार होणार आहे.

२०१८ च्या जूनअखेरीस कार्यालयीन कामासाठी लेहला जाणे झाले. काम आटोपल्यावर तीन दिवसांची रजा घेतली. सौभाग्यवती दोन दिवस आधीच येऊन लेहला विश्रांती घेत होत्या. (त्यांच्या तिकिटाचा भार सरकारी तिजोरीवर पडला नाही, हे सभागृहातील आमच्या खात्याच्या मंडळींच्या माहितीसाठी.) समितीने एवढे अवश्य लक्षात ठेवावे, की लेहला उतरल्या उतरल्या पुढे धावू नये. साडेअकरा हजार फुटांवर शरीराला दोन दिवस तरी उसंत द्यावी लागते, आणि आपल्याला जायचे आहे ते सरोवर पंधरा हजार फुटांच्या आसपास आहे.

लेहहून उपशीमार्गे महे येथील पुलापर्यंत सिंधू आपली सोबत करते. ज्या नदीचे नाव आपण संध्येच्या पळीपंचपात्रात घेत आलो, ती येथे मातकट पाण्याची, घाईत असलेली नदी आहे. चुमाथांगला तिच्या काठी उष्ण पाण्याचे झरे आहेत. महेला पूल ओलांडून दक्षिणेकडे वळले, की सुमदोनंतर नामशांग ला ही खिंड लागते, पलीकडे क्यागर त्सो हे लहान सरोवर, आणि मग त्सो मोरीरी. ‘त्सो’ म्हणजे सरोवर, एवढा अर्थ कळला तरी वाट सोपी होते.

या सरोवराचे वर्णन करण्याचा मोह आवरता घेतो. निळ्या रंगाला मराठीत जेवढे शब्द आहेत ते सारे सकाळी नऊपर्यंतच खर्ची पडले. लांबी सुमारे सव्वीस किलोमीटर. पाणी मचूळ, कारण त्याला आज बाहेर जाण्यास वाट नाही. बर्फ वितळून येणारे ओढे आत येतात आणि सूर्य व वारा यांनी जेवढे नेले तेवढेच जाते. पश्चिम काठावर कोरझोक हे गाव, तेथे बौद्ध गोंपा, आणि आसपास मेंढ्या, पश्मिना देणाऱ्या शेळ्या व याक घेऊन फिरणारे चांगपा लोक. २००० साली याच ग्रामस्थांनी आपले सरोवर सजीव सृष्टीसाठी पवित्र दान म्हणून जाहीर केले. रामसर करारातील स्थळांच्या यादीत ते आले २००२ मध्ये. म्हणजे गावाचा ठराव आधी, शासनाचा शिक्का मागाहून.

आम्हांला ओढ होती ती पट्टकदंबांची. आमचे बालपण निफाड तालुक्यात गेले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा जो बंधारा आहे, तेथे हिवाळ्यात हे हंस उतरत. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. कोवळ्या गव्हाहरभऱ्यात शिरले की शेतकरी शिव्या देत. ते कोठून येतात असे विचारले, की वडीलधारी माणसे हिमालयाच्या दिशेने नुसता हात करीत. तो हात जेथवर पोचत होता तेथे आम्ही पन्नाशी गाठता गाठता पोचलो. सरोवरातील बेटांवर आणि काठच्या पाणथळीत त्यांची वीण चालू होती. पिवळसर पिल्ले आईमागे रांगेने पोहत होती. विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवणारे रक्त निसर्गाने त्यांना दिले आहे. उपग्रहाद्वारे घेतलेल्या नोंदींत त्यांचे उड्डाण ७,२९० मीटर उंचीपर्यंत आढळले. आम्ही मात्र गोंपाच्या पायऱ्यांवर दर दहा पावलांनी उभे राहत होतो. कवींचा चक्रवाकही येथेच अंडी घालतो, आणि तपकिरी डोक्याचा कुरवही. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची उपमा परप्रांतीय मराठी माणसाला या व्यासपीठावरून पुष्कळदा दिली गेली आहे; आज तिला विश्रांती देऊ.

आता मुख्य गोष्ट. भारतात वीण करणारे क्रौंच दोनच. एक सारस, दुसरा काळ्या मानेचा क्रौंच. हा दुसरा लडाखच्या उंच दलदलीत अगदी मोजक्या जोड्यांनी राहतो. जगाला शास्त्रीयदृष्ट्या त्याची ओळख १८७६ मध्ये रशियन प्रवासी प्रझेवाल्स्की याने करून दिली. मादी बहुधा दोन अंडी घालते, आणि महिनाभर नरमादी आळीपाळीने ती उबवतात.

सरोवराच्या उत्तर टोकाच्या दलदलीत अशी एक जोडी दिसली. अंतर राखण्याची सूचना देणारी पाटी वाटेत होती. ती आम्ही वाचलीही होती. पण पाट्या इतरांसाठी असतात असा आमचा सरकारी समज. छायाचित्र नीट यावे म्हणून चालक नको नको म्हणत असताना आम्ही गवतातून शंभरेक पावले पुढे गेलो. घरट्यावरचा पक्षी उठला, मान ताठ केली, आणि कर्कश साद घालीत चालू लागला. उडाला नाही, आम्हांला दूर नेण्यासाठी चालू लागला. तेवढ्यात पलीकडून गावाकडची दोन भटकी कुत्री दलदलीत शिरली. पर्यटकांच्या तंबूंतील उष्ट्यावर तेथे कुत्री पोसली जातात, आणि अंडी व पिल्ले यांचा घास होतो.

चालक, आमच्याहून वयाने मोठे गृहस्थ, धावत आले. पंधरा हजार फुटांवर धावणे म्हणजे काय, ते तेथे गेलेल्यांनाच कळेल. दगड मारून त्यांनी कुत्री हाकलली, आणि धाप लागलेल्या आवाजात एवढेच म्हणाले, “साहेब, गाडीत बसा. तुम्ही दिसत आहात तोवर ती परत येणार नाही.” आम्ही गाडीत बसलो. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. ते अधिक लागले. चाळीस मिनिटे दुर्बीण डोळ्यांवरून हलली नाही. वारा बर्फासारखा होता, आणि उघडी पडलेली अंडी त्याच वाऱ्यात होती. अखेर पक्षी परतला, वाकून चोचीने काहीतरी सारखे केले, आणि बसला.

दुसऱ्या दिवशी परतताना रस्त्यावरूनच पाहिले. तो बसलेला होता. अंड्यांत जीव उरला होता की नाही, हे दुर्बिणीतून दिसत नाही. लेहला पोचल्यावर चालकांना आम्ही थोडे पैसे अधिक देऊ लागलो. त्यांनी ठरलेले मोजून घेतले आणि वरचे परत केले. काढलेले छायाचित्र चांगले आले आहे, पण ते आज आणलेले नाही.

समितीला एवढीच विनंती, की कोरझोकला तंबूऐवजी गावकऱ्यांच्या घरी उतरावे, उरलेले अन्न व कचरा गाडीतून लेहला परत आणावा, आणि दलदलीच्या कडेला रस्ता सोडू नये. आमची दुर्बीण घरी पडून आहे. समितीने ती खुशाल न्यावी. तिचे डावे भिंग थोडे घट्ट फिरते, पण रस्त्यावरून घरटे स्वच्छ दिसते.