वर्षाकाठी एक भरती



आजच्या व्याख्यानाच्या नावात ‘भरती’ हा शब्द पाहून पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मघाशी मला हळूच विचारलं, ‘आपल्याकडे कुठला हो किनारा?’ काकांचं बरोबर आहे. समुद्र सुरतेपलीकडे. तापी आपल्या दारावरून जाते, पण ती तिकडे जायच्या घाईत असते. तरीही या जिल्ह्याला किनारा आहे, त्या किनाऱ्याला भरती-ओहोटी आहे आणि त्याच्या बाजारपेठेला नगरपंचायतही आहे. फक्त मालवणला भरती दिवसातून दोनदा येते, आपल्याकडे वर्षातून एकदा.

आधी नकाशा पाहू. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याची उत्तरेची हद्द म्हणजे नर्मदा. महाराष्ट्राच्या वाट्याला ती जेमतेम 54 किलोमीटर येते, आणि तीही काठाकाठानंच. पलीकडचा काठ दुसऱ्या राज्यांचा. अलीकडे सातपुड्याच्या रांगा, त्यात 1325 मीटर उंचीचा अस्तंभा. दिवाळीत अश्वत्थाम्याच्या दर्शनाला तिथं रात्रभर चढणारे इथं बरेच बसले असतील. या रांगांमधून उदईसारख्या नद्या नर्मदेकडे उतरतात. परिक्रमावासी ज्या शूलपाणीच्या झाडीची धास्ती घेत आले, ती हीच. खरं सांगायचं तर झाडी आता त्यांच्या वर्णनातच दाट उरली आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो लिहून ठेवणारे बाहेरचे होते. अक्राणी हा परगणा. त्याच्या पश्चिमेला काठीसारखी मेवासी संस्थानं. इंग्रजांनी 1906 मध्ये खानदेशाचे दोन तुकडे केले, तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला. मेवासी राजवटी गेल्या, पण तळोद्याच्या वनखात्याच्या कचेरीवर आजही ‘मेवासी वनविभाग’ अशी पाटी आहे. राजा जातो, पाटी राहते! नर्मदाकाठची कित्येक गावं वनगावं म्हणून राहिली. त्यामुळे माणूस पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसायचा आणि सातबारा मात्र कोराच.

मग सरदार सरोवर धरण आलं. 5 एप्रिल 1961 ला नेहरूंच्या हस्ते पायाभरणी, 1979 ला लवादाचा निवाडा. महाराष्ट्रातली 33 गावं बुडितात धरली गेली: अक्कलकुवा तालुक्यातली 9 आणि अक्राणीतली 24. पहिलं मणिबेली. या गावाचं नाव वॉशिंग्टनपर्यंत गेलं, आणि 1993 मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. भिंत मात्र चढत गेली. 2006 मध्ये ती 121.92 मीटरवर पोहोचली, 2017 च्या जूनमध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत काठोकाठ भरला.

आता माझा मुद्दा. धरणातून पाणी काढायची खालची पातळी 110.64 मीटर आहे. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. सुमारे 28 मीटर! नऊमजली इमारतीएवढ्या उंचीत हा किनारा वर-खाली होऊ शकतो. आणि याचं वेळापत्रक चंद्राकडे नाही. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी, पाऊस आणि केवडियाच्या या धरणाचे दरवाजे यांच्या हिशेबावर ते ठरतं. कोकणातला मासेमार तिथी पाहून भरती भांगाची की उधाणाची ते सांगतो. इथल्या माणसाला फोन करून विचारावं लागतं.

या किनाऱ्याची भाषा सरकारी कागदांतून आली. पाणी चढलं की डोंगराचा माथा ‘टापू’ होतो. उतरलं की उघडी पडते ती जमीन ‘गाळपेर’. तिच्यात पेरायचं, पण कापणी आपली की धरणाची हे पेरताना सांगता येत नाही. गाळ वरून सुकलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. मी बांबू टेकत वीस पावलं गेलो. एकविसाव्याला चप्पल तिथंच राहिली, अजून असेल. गुरं रुतली तर दोर लावून ओढावी लागतात.

बिलगावची गोष्ट सांगायलाच हवी. तिथं लोकांनी श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॅटचं छोटं वीजकेंद्र उभं केलं. 2003 मध्ये पाड्यांवर दिवे लागले. 2006 च्या पावसाळ्यात ते केंद्र पाण्याखाली गेलं. मोठ्या धरणाच्या पाण्याखाली.

आणि सुरुवातीला म्हटलेली ती बाजारपेठ, धडगाव? ते नर्मदेवर नाही. तळोद्याहून चांदसैली घाट चढून एसटी तिथं पोहोचते. धडगाव, वडफळ्या आणि रोषमाळ बुद्रुक मिळून नगरपंचायत झाली. नावातच तीन गावं, फलक रंगवणाऱ्याला पुरेसं काम. नगरपंचायत म्हणजे कायद्याच्या भाषेत खेड्याकडून शहराकडे निघालेलं गाव. 17 प्रभाग आखले, पण इथं वस्ती एकमेकांना खेटून नसते. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आणि एक पाडा तीन टेकड्यांवर पसरलेला. नळ आणि गटार यांची गणितं चौकातल्या शहरासाठी मांडलेली. ती इथं टेकडीवर चढेपर्यंत दमतात.

पण किनाऱ्याची बाजारपेठ हीच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात इथं पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात कैरी सोलून, फोडी करून घराघरासमोर वाळत घातलेली असते. लांबून वाटतं कुणी धुणं पसरलंय. हेच आमचूर पोत्यांतून या बाजारात येतं. बुडित गावातला आजारी माणूसही याच रस्त्यानं येतो. आधी बांबूच्या झोळीतून काठापर्यंत, मग बोटीनं, मग जीपनं. मध्ये तरंगता दवाखाना आहे. विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत. म्हणजे समुद्रकाठच्या तालुक्याला लागतं ते सगळं इथं आलं. फक्त बंदर खातं या तालुक्याकडे आपला म्हणून पाहत नाही.

भुषा गावाच्या काठावर एक नावाडी भेटले. होडी बांधायचा त्यांचा खुंटा पाणी उतरेल तसा खाली सरकतो. उतारावर जुन्या खुंट्यांची भोकं ओळीनं दिसत होती. मी वरून मोजत उतरलो, अकरा भरली. म्हटलं, ‘दादा, अजून किती?’ त्यांनी पाण्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, ‘ते त्या तिकडच्यांना विचारा,’ आणि मला हात देऊन होडीत घेतलं.