झुलूलँडच्या वाटेवरील स्वयंसेवक
(सेवा कार्यकर्त्यांसमोर झालेल्या बौद्धिकाचा संकलित अंश)



महात्मा गांधींची वकील, संपादक, सत्याग्रही अशी अनेक रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. जखमींना खांद्यावर घेऊन आफ्रिकेतील खेड्यापाड्यांतून पायपीट करणारा स्वयंसेवक हे त्यांचे रूप मात्र सहसा आठवले जात नाही. सेवेचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्याने ते आवर्जून पाहावयास हवे.

1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज व बोअर यांच्यात युद्ध पेटले. गांधीजींची सहानुभूती बोअरांकडे होती. परंतु साम्राज्याकडे हक्क मागावयाचे तर त्याच्या संकटात कर्तव्यही केले पाहिजे, अशी त्यांची त्या वेळची धारणा होती. सुमारे 1100 हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभे राहिले. त्यांतील जवळजवळ 800 जण गिरमिटिये मजूर होते. तोफांच्या माऱ्यात जाण्याचे बंधन पथकावर नव्हते. तरीही स्पिअन कॉपच्या लढाईत जनरल बुलर यांचा निरोप येताच ते पुढे सरसावले. जखमींना वाहून नेत दिवसाला 20-25 मैल चालावे लागे. त्याच सुमारास वेढ्यात सापडलेल्या लेडीस्मिथ गावात प्रभुसिंग नावाचा गिरमिटिया झाडावर बसून शत्रूच्या तोफेवर नजर ठेवी आणि ती डागली जाताच घंटा वाजवून गावाला सावध करी.

खरी कसोटी लागली ती 1906 मध्ये. नाताळ सरकारने प्रौढ पुरुषांवर एक पौंड डोईपट्टी लादली आणि झुलूंमध्ये असंतोष भडकला. बंबाथा हा सरदार प्रतिकारास उभा राहिला. सरकारच्या साह्यास गांधीजी 24 जणांचे पथक घेऊन निघाले. त्यात चार गुजराती, एक पठाण आणि उरलेले गिरमिट संपलेले दक्षिण भारतीय होते.

प्रत्यक्षात जे दिसले ते निराळेच होते. ते युद्ध नव्हते, माणसांची शिकार होती. जखमी झुलूंची शुश्रूषा करण्यास गोरे तयार नव्हते. पाच-सहा दिवस त्यांच्या जखमा तशाच चिघळत पडल्या होत्या. कित्येक जण तर लढाईत जखमी झालेलेच नव्हते. केवळ संशयावरून धरून त्यांना फटके मारलेले होते. पथकाने त्या जखमा धुतल्या, मलमपट्टी केली. कठड्यापलीकडून गोरे शिपाई शिव्या देत आणि हे काम सोडा म्हणून दटावीत. रुग्णांची भाषा कळत नव्हती. पण त्यांचे डोळे सर्व काही सांगत होते.

कधी कधी दिवसाला 40 मैलांची चाल पडे. विरळ वस्तीच्या त्या डोंगरदऱ्यांतून मूकपणे चालताना गांधीजी अंतर्मुख झाले. सेवेला सर्वस्व वाहावयाचे तर संयमाविना गत्यंतर नाही, हे त्यांनी जाणले. परतल्यावर त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या सभेत अन्यायी कायदा न मानण्याची शपथ घेतली गेली.

आफ्रिकी समाजाविषयीचे त्यांचे त्या काळातील काही लिखाण आज खटकते, हे लपविण्याचे कारण नाही. साम्राज्यावरील त्यांची श्रद्धाही एका दिवसात ढळली नाही. 1920 मध्ये त्यांनी कैसर-इ-हिंद पदकासह बोअर युद्धाचे आणि झुलू मोहिमेचे अशी दोन्ही पदके व्हाइसरॉयना परत केली.

कार्यकर्त्याने ध्यानी घ्यावयाचे ते एवढेच. सेवेस निघताना प्रत्येकाच्या मनात काही समजुती असतात. त्या समजुतींपेक्षा समोरच्याची जखम खरी मानण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते, त्यालाच सेवा घडविते. पथक निघाले सरकारच्या साह्यासाठी. त्याचे हात मात्र ज्यांना बंडखोर म्हटले गेले त्यांच्या जखमांवर फिरले. त्या वाटेवरून परतलेला माणूस पूर्वीचा राहिला नव्हता.