टँकरचं पाणी आणि काचेतला मासा



नवा मासा चार दिवसांत मेला की आपण म्हणतो, दुकानदारानं आजारी मासा दिला. बहुतेक वेळा मासा धडधाकट असतो, दोष पाण्यात असतो. आणि आपल्या नांदेड-लातूरकडे हा दोष थोडा वेगळ्या जातीचा आहे. आपल्या घरातलं पाणी एका गावचं नसतं. कधी नळाला धरणाचं येतं, नळ आला नाही की बोअर चालू होतं, आणि बोअर आटलं की गल्लीत टँकर येतो. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नसेल. मांजरा ही गोदावरीची उपनदी. तिच्या धरणावर जगणारं शहर त्या उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी प्यायलं.

पाणी बदललं की आपल्याला फक्त चव बदलल्यासारखी वाटते. माशाचं सगळं शरीरच त्याला बांधलेलं असतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. म्हणून पाणी कल्ल्यांतून सारखं आत शिरतं आणि मूत्रपिंडं ते सारखी बाहेर टाकत राहतात. बाहेरचे क्षार एकदम कमी-जास्त झाले की हा तोल सुटतो. वर्षभर टाकीत सुखानं राहिलेल्या माशावर तुम्ही अर्धी टाकी टँकरचं पाणी ओतलंत, तर तो त्या घटकेला नवाच मासा झाला. रुळवायची काळजी त्याचीही घ्यायला हवी, आणि हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतो आहे, कारण याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

आता दुकानातून आणलेल्या पिशवीकडे येऊ. आपल्याकडे येणारे पुष्कळ शोभेचे मासे चेन्नईतल्या कोळत्तूरचे किंवा कोलकात्याचे असतात. प्राणवायू भरलेल्या पिशवीत लांबचा प्रवास करून येतात. प्रवासात मासा अमोनिया टाकतो, तसाच श्वासातून कार्बन डायऑक्साइडही सोडतो. या वायूमुळे पिशवीतलं पाणी आम्लाकडे झुकतं आणि अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. आपलं बोअरचं पाणी काळ्या कातळातून येतं, बहुधा अल्कधर्मीच असतं. वर मे महिन्याचा पारा. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून मासा तासन् तास तिच्यातच ठेवणं घातक आहे.

टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडून टाकीतलं पाणी वाटी-वाटीनं घाला, पण अर्ध्या-पाऊण तासात उरका. मासा जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका. दुकान जवळचंच असेल तर थोडं सावकाश केलं तरी चालतं.

ज्या टाकीत तो जाणार, ती महिनाभर आधी चालू हवी. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच घटतो. स्पंज नळाखाली कधी धुऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याचं मानक लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगतं. आपल्या पोटाला ते चालतं, पण तेवढ्यानं जीवाणू मरतात आणि माशाचे कल्ले भाजतात. दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घाला, किंवा उघड्या तोंडाच्या बादलीत पाणी दिवसभर ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या दिवसांत थेंबांवरच भरवसा ठेवावा.

मासा निवडतानाही आधी आपलं पाणी बघावं. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. आपल्या जड पाण्यात त्याला कोंबणं मला क्रूरपणाचं वाटतं. मॉली, प्लॅटी, गप्पी यांना क्षार मानवतात. डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तीच ही गप्पी.

आणि टँकर आला तर? झाकणाच्या ड्रममध्ये टाकीपुरतं पाणी आधीच साठवा. नवं पाणी एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त घालू नका, दोन-तीन दिवसांत वाटून घाला. निव्वळ आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षारच उरत नाहीत आणि पीएच झोके घेतो. हंडाभर पाण्यासाठी रांगा लावलेल्या गावात माशाची टाकी ही चैन नाही का, असं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकंच देतो की टाकीतून काढलेलं पाणी गटारात जाऊ देऊ नका. त्यातलं नायट्रेट कुंड्यांना खत म्हणून लागतं.

ज्यांनी घरचं पाणी बाटलीत आणलं आहे त्यांनी इकडे टेबलाशी यावं. आरओवाल्यांकडे असतो तसा, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि पीएचच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. बाटलीवर नळ, बोअर की टँकर, तेवढं लिहा.